दोरोलेदिम आणि पातेल्यातलं उरलेलं

‘दोरोलेदिम’ हे क्रियापद आहे. कोशातली त्याची व्याख्या जवळजवळ परिच्छेदभर लांब आहे. तिचा मथितार्थ असा: चारचौघींसारखी एक बाई. तिच्या आयुष्यातलं फारसं काही तिच्या हातात नाही. घरची माणसं, जनावरं, गोतावळा, सगळ्यांचं तिच्यावाचून अडतं. झोप पुरत नाही, स्वतःची म्हणावी अशी जागा नाही, स्वतःवर उडवायला पैसा नाही, आणि हे सगळं टाकून ती जाऊ शकत नाही किंवा जाणार नाही. अशा बाईला स्वतःचे लाड करायला एकच गोष्ट हाताशी असते, ती म्हणजे खाणं. म्हणून ती गरजेपेक्षा जास्त खाते. मग तिला अपराधी वाटतं, कारण जगात अशाही बाया आहेत ज्यांच्या पोरांना खायला नाही. एवढ्या सगळ्याला मिळून एक क्रियापद.

ज्या भाषेतलं हे क्रियापद आहे ती कुणाचीच मातृभाषा नाही. सुझेट हेडन एल्गिन या अमेरिकन भाषावैज्ञानिक आणि विज्ञानकथालेखिकेनं १९८२ साली ती घडवायला घेतली आणि तिचं नाव ठेवलं लादान; अर्थ साधारण ‘जाणणाऱ्यांची भाषा’ असा. १९८४ मध्ये आलेल्या ‘नेटिव्ह टंग’ या कादंबरीत ती आहे. या कादंबरीतल्या भविष्यकाळात बायकांचे नागरी हक्क काढून घेतलेले आहेत, आणि भाषातज्ज्ञांच्या घराण्यांतल्या, मूल होण्याचं वय उलटलेल्या बाया एका वेगळ्या घरात राहून चोरून स्वतःची भाषा रचत आहेत. पुरुषांना संशय येऊ नये म्हणून त्या दुसरी एक बोजड, हास्यास्पद भाषा रचण्याचं नाटक करतात. पुरुष त्या नाटकाला हसतात आणि खरी भाषा मागच्या खोलीत वाढत राहते. कादंबरीपाठोपाठ १९८५ मध्ये लादानचं व्याकरण आणि शब्दकोश छापून निघाला.

माझ्या आत्यानं कॉलेजात भाषाविज्ञान शिकवलं, माझी आई बँकेत कॅशियर होती. दोघी आता निवृत्त आहेत आणि नणंद-भावजयीच्या नात्यानं वाद घालतात, म्हणजे हरणं दोघींनाही परवडत नाही. आत्याला लादान आवडते. आईला त्यातलं जे आवडलं ते तिनं मान्य केलं नाही. मी टिपणं घेतली आणि मध्ये मध्ये तोंड घातलं.

आई: व्याख्या चांगली आहे. अगदी डोळ्यांपुढे उभी राहते बाई. मग शब्द कशाला हवा?

आत्या: व्याख्या दर वेळी कोण म्हणत बसणार, वहिनी? तू एखाद्याबद्दल ‘त्याला न्यूनगंड आहे’ म्हणतेस, की ‘आपण चार लोकांपेक्षा कमी आहोत असं त्याला आतून सतत टोचत असतं’ असं म्हणतेस?

आई: न्यूनगंडाचं वेगळं. तो सगळ्यांना माहीत आहे.

आत्या: आता माहीत आहे. तो काही ज्ञानेश्वरीतून आलेला नाही. ॲडलरच्या मानसशास्त्रातली कल्पना मराठीत आणायची होती, म्हणून कुणीतरी टेबलाशी बसून ‘न्यून’ला ‘गंड’ जोडला. पहिल्यांदा ऐकलेल्या माणसाला ते गाठीचं दुखणं वाटलं असेल. आज शाळेच्या मैदानावरचं पोरगंसुद्धा म्हणतं, त्याला न्यूनगंड आहे. भावनेसाठी मुद्दाम घडवलेला शब्द जगत नाही असं कोण म्हणेल?

इथे आई थांबली. तिच्या मनात सावरकरांचे शब्द होते. तिचा मुद्दा असा की ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ घडवून रुजले कारण ते महापालिकेच्या पाटीवर आणि अर्जाच्या कोपऱ्यात जाऊन बसले. भावनेला पाटी नसते. न्यूनगंडानं तो मुद्दा मोडला होता. पण कॅशियर माणूस एका खात्यात तूट आली की दुसरं खातं उघडतो.

आई: बरं. न्यूनगंडामागे पाठ्यपुस्तकं होती, परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न होता, मागून डॉक्टर आले. तुमच्या या दोरोलेदिममागे कोण होतं?

आत्या: कुणी नव्हतं. एल्गिननं हा प्रयोगच मांडला होता. बायकांना त्यांच्या जाणिवांसाठी भाषा देऊ केली तर एक तर त्या ती उचलतील, वाढवतील. किंवा म्हणतील की ही काही बरी नाही, थांबा, आम्हीच दुसरी करतो. तिनं दहा वर्षांची मुदत घातली.

आई: आणि?

आत्या: दोन्हीपैकी काही झालं नाही. थोड्या जणी शिकल्या, काहींनी शब्द सुचवले, पण भाषा म्हणून ती उभी राहिली नाही. तिनं ते उघड सांगितलंही. आणि त्याच वर्षांत मार्क ओक्रांड यांनी ‘स्टार ट्रेक’मधल्या लढवय्या परग्रहवासीयांसाठी केलेली क्लिंगॉन भाषा मात्र जोरात चालली. तिचाही कोश १९८५ चाच. लोक क्लिंगॉनमध्ये गप्पा मारायला संमेलनं भरवायला लागले. एल्गिननं या विरोधावर नेमकं बोट ठेवलं होतं.

आई: हसू नका वन्सं, पण मला यात आश्चर्य वाटत नाही. तुमच्या व्याख्येतलीच बाई घ्या. तिला झोपायला वेळ नाही, बसायला जागा नाही, पैसा नाही. ती ही भाषा शिकणार कधी? क्लिंगॉन शिकणाऱ्याला रविवार मोकळा असतो.

हा त्या दुपारचा सगळ्यात वजनदार घाव होता असं मला अजूनही वाटतं. आत्यानं उत्तर दिलं खरं, पण ते एल्गिनच्या बचावाचं नव्हतं.

आत्या: खरं आहे. ज्या बाईसाठी शब्द केला तिच्यापर्यंत तो जाणारच नव्हता. तो त्या बाईला बघणाऱ्यांसाठी आहे, असं समज. तिच्या मुलीसाठी. किंवा तिच्या डॉक्टरसाठी, ज्याला एवढंच दिसतं की हिचं वजन वाढलंय.

आई: म्हणजे पुन्हा तिच्याबद्दल इतरांनी बोलायचा शब्द.

आत्या: लादानमध्ये ते तितकं सोपं नाही. तिथे शब्दांपेक्षा व्याकरण जास्त कडक आहे. ऐक. ‘मी दोरोलेदिम करते’ हे वाक्य होतं, ‘बी दोरोलेदिम ले वा’. सुरुवातीचा ‘बी’ सांगतो की हे विधान आहे, प्रश्न नाही, विनंती नाही. मग क्रियापद, मग ‘ले’ म्हणजे मी. आणि शेवटचा ‘वा’ सांगतो की हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. तो शेवट गाळता येत नाही. स्वप्नात दिसलेलं असेल तर ‘वा’च्या जागी ‘वे’. उघडच आहे, वाद नको, अशा गोष्टीला ‘वी’. कुणाकडून ऐकलं आणि त्या माणसावर माझा विश्वास आहे, तर वेगळा शेवट. ऐकलं पण सांगणाऱ्यावर भरवसा नाही, तर आणखी वेगळा. आता सासू सुनेबद्दल म्हणायला गेली की ती अपराधी मनानं खाते, तर कुठला शेवट लावणार? खाताना पाहिलं असेल, त्याला ‘वा’ चालेल. मनातलं अपराधीपण तिनं पाहिलेलं नाही. ते सुनेनं सांगितलं असेल तरच बोलता येतं, आणि तेही ‘मी तिच्यावर विश्वास ठेवून बोलते आहे’ असं कबूल करून.

आई: आमच्याकडे ‘म्हणे’ आहे की. ‘तिला बरं नाही म्हणे.’ झालं. ऐकीव आहे हेही कळलं, आणि म्हणणाऱ्याला कितपत खरं वाटतं हे तिच्या भुवईवरून कळलं.

आत्या: बरोब्बर! भुवईवरून. एल्गिनला नेमकी तीच भुवई नको होती. शाब्दिक हल्ल्यांपासून बचाव कसा करावा यावर तिनं १९८० पासून पुस्तकं लिहिली. तिचं म्हणणं, माणसं शब्दांत दुखवत नाहीत, सुरात दुखवतात. आणि सुराची जबाबदारी कुणी घेत नाही. ‘बरं बाई, तुझंच खरं’ या वाक्यात एक तरी वाईट शब्द आहे का? विचारायला गेलं तर समोरची म्हणते, मी काय वाईट बोलले? तुझंच खरं म्हटलं ना? लादानमध्ये वाक्याच्या पहिल्या शब्दालाच प्रत्यय लागतो. रागानं बोलतेय, दुःखानं बोलतेय, भीतीनं, प्रेमानं, थट्टेनं, आनंदात. नुसता ‘बी’ म्हणजे साधं विधान. ‘बीद’ म्हटलं की रागातलं. मग मागाहून हात झटकता येत नाहीत.

आई: आणि रागात असताना मी आधी व्याकरण आठवू?

मी म्हणाले, आठवायला लागलं तर राग तेवढा वेळ थांबेल. दोघींनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

आई: शिवाय खोटं बोलता येतंच की. रागात असेन आणि थट्टेचा प्रत्यय लावीन.

आत्या: लाव. मग ते खोटं असेल, उघड खोटं. आत्ता आपण जे करतो ते खोटंसुद्धा नसतं. ते फक्त सूर असतो.

यानंतर आत्या कोशातली एक नोंद सांगायला लागली, आणि बोलणं भलत्याच वळणाला गेलं. लादानमध्ये नुसतं ‘प्रेम’ असं म्हणता येत नाही. कुठलं प्रेम ते शब्दातच ठरवावं लागतं. जो माणूस आवडतो पण ज्याच्याबद्दल आदर नाही, त्याच्यावरचं प्रेम ‘अब’. आदर आहे पण आवडत नाही, तर ‘अद’. ना आवड, ना आदर, तरी प्रेम आहे, तर ‘एमे’. आपल्या पोटच्या मुलावरचं प्रेम ‘शाम’, आणि कोश आवर्जून सांगतो की यात आवड किंवा आदर गृहीत नाही, त्यांचा अभावही गृहीत नाही. रक्ताचं नातं नसलेल्या पण हृदयानं आपलं मानलेल्या माणसावरचं प्रेम ‘अशोन’. नको असलेलं, ओझं होणारं प्रेम ‘अये’.

आई: म्हणजे माझं तुमच्यावर ‘अद’.

आत्या: आदर आहे, आवड नाही?

आई: लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणते. तुम्ही माझ्याहून लहान. आणि तुम्ही मला ‘तू’. हे कुठल्या भाषेतल्या बाईंनी रचलं? मराठीतच आहे. राग, आवड, अपराधीपण यांना शब्द नसतील वन्सं, पण कोण कुणाच्या वर हे मराठी बाईला प्रत्येक क्रियापदात सांगावं लागतं. मला बदलायचंच असतं तर मी नवा कोश मागितला नसता. तुम्ही मला ‘अहो वहिनी, तुम्ही बसा’ म्हटलं असतंत, किंवा मी तुम्हाला ‘तू’ म्हटलं असतं, तरी पुरलं असतं.

आत्या: मग म्हण ना ‘तू’.

आई: आता जीभ वळत नाही.

दोघी हसल्या. मी हसले नाही, कारण माझ्या मते आईनं इथे एल्गिनचाच मुद्दा तिच्याही पुढे नेला होता. भाषेत नसलेला शब्द जितका अडवतो त्याहून जास्त असलेला शब्द अडवतो. लादानची सगळी मदार न सापडणाऱ्या शब्दांवर आहे. पण आपल्याकडे सुनेचं तोंड शब्द नसल्यामुळे बंद नव्हतं. ‘तुम्ही’ म्हणत म्हणत भांडता येत नाही, म्हणून बंद होतं.

आत्याला हे पटलं की नाही कळलं नाही. तिनं मोर्चा मराठीच्या बाजूनंच वळवला.

आत्या: मराठीत भावनांना शब्द कमी नाहीत, हे मीच सांगते. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, तगमग, घालमेल, धाकधूक. जोडीजोडीनं येणारे. प्रत्येकाचा नाद वेगळा. चुटपुट म्हणजे जे करायचं राहिलं त्याची बारीक टोचणी. रुखरुख जास्त दिवस टिकते. हुरहूर तर पुढं काय होणार त्याचीही असते आणि मागं काय गेलं त्याचीही. पण हे सगळे शब्द शरीराचे आहेत. छातीत, पोटात काय होतंय ते सांगतात. का होतंय, कुणामुळे होतंय, हे एकही सांगत नाही. लादाननं उलटं केलं. तिथे रागाला एकाहून जास्त शब्द आहेत आणि ते तीन प्रश्नांवरून वेगळे होतात: रागाला कारण आहे का, दोष देण्यासारखं कुणी आहे का, आणि राग करून काही होणार आहे का? छातीत काय होतंय ते विचारतच नाहीत. तगमग होते म्हटलं की घरचे पाणी आणून देतात. ‘कारण आहे, दोषीही आहे, पण राग करून उपयोग नाही’ अशा अर्थाचा एक शब्द तोंडातून निघाला तर पाणी आणून देता येत नाही. दोषी कोण ते विचारावं लागतं.

आई: किंवा शब्द तोंडातून निघू दिला जात नाही. म्हणून तर बायकांनी ‘टेन्शन’ घेतलं. इंग्रजी आहे, गुळगुळीत आहे, कुणाकडे बोट दाखवत नाही. ‘मला टेन्शन आलंय’ म्हटलं की नवराही ऐकतो. बायकांना पाहिजे तो शब्द त्यांनी कुठूनतरी उचललाच, वन्सं. तुम्हाला आवडला नाही एवढंच.

आत्या: कारण तो काही सांगत नाही.

आई: त्याचसाठी तो निवडला.

मग आत्यानं आईला चिडवायला दुसऱ्या टोकाची भाषा पुढे केली. टोरोंटोच्या सोन्या लँग यांनी २००१ साली टोकी पोना नावाची भाषा केली. शब्द सव्वाशेच्या आसपास. मन खचलेलं असताना विचारांचा गुंता सोडवण्यासाठी आपण ती केली असं त्यांनी सांगितलं आहे. तिथे भावनांसाठी मुख्य शब्द एकच, ‘पिलिन’. हृदयही तोच, वाटणंही तोच. पुढे ‘पोना’ लावलं की चांगलं वाटतंय, ‘इके’ लावलं की वाईट. दुःख, मत्सर, वैताग, अपमान, पहिल्या झटक्यात सगळं ‘पिलिन इके’. जास्त काही सांगायचं असेल तर काय झालं ते वाक्यानं सांगायचं.

आई: ही माझी भाषा. ‘बरं वाटत नाही.’ मी आयुष्यभर हेच बोलले.

आत्या: आणि तुला आयुष्यभर क्रोसिन मिळाली.

आई (थोड्या वेळानं): ते खरं आहे.

लादानच्या बाजूनं इतकं नेमकं वाक्य त्या दुपारी दुसरं कुणी बोललं नाही. पण आईकडे अजून एक पत्ता होता आणि तो खास मराठीच होता.

आई: तुम्ही म्हणता, बायकांच्या मनातलं सांगायला भाषा नव्हती. मग जात्यावरच्या ओव्या कुठल्या भाषेत होत्या? माझी आजी दळताना म्हणायची ते मी अर्धवट झोपेत ऐकलंय. सासर, माहेर, सवत, भाऊ न्यायला आला नाही, लेक परक्या घरी गेली. त्यात एकही नवा शब्द नव्हता. घरातलेच, रोजचे.

आत्या: आणि त्या ओव्या किती आहेत माहीत आहे? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून काम उभं करून गावोगावच्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर, वहिनी! एकट्या एल्गिनच्या कोशात हजारांच्या घरातले शब्द, आणि इथे लाखभर ओव्या, शब्द तेच ते.

आई: मग झालं की. जिंकले मी.

आत्या: थांब. त्या ओव्या कुठे म्हटल्या जायच्या? जात्याशी. कधी? पहाटे, पुरुष झोपलेले असताना, जात्याच्या घरघरीत. तेवढ्या चार हात जागेत ती भाषा होती. तीच बाई दिवस उजाडल्यावर सासऱ्यासमोर ती ओवी म्हणू शकत होती का? पिठाची गिरणी आली आणि जातं बंद झालं, तसं म्हणणंही आटत गेलं. ‘नेटिव्ह टंग’मधल्या बाया मागच्या खोलीत भाषा रचतात, तशाच आपल्या बाया जात्यावर. एल्गिननं खोली कल्पनेतून काढली, आपल्याकडे ती खरी होती. आणि चीनमध्ये हुनान प्रांतात तर बायकांनी नुशू नावाची स्वतःची लिपीच केली होती. आईकडून मुलीला, मैत्रिणीकडून मैत्रिणीला. ती परंपरेनं लिहिणाऱ्या शेवटच्या बाईंचं, यांग हुआन्यी यांचं, २००४ मध्ये निधन झालं.

आई: त्यांनी लिपी केली. भाषा त्यांनी आपलीच ठेवली. बघा म्हणजे. ज्यांना खरंच लपवायचं होतं त्यांनी शब्द नवे केले नाहीत. आम्ही शाळेत ‘च’ची भाषा बोलायचो, पाण्याला ‘चाणीप’ म्हणायचो. त्यातही सगळे शब्द जुनेच, नुसते उलटेपालटे. बायका शब्द लपवतात, घडवत नाहीत.

आत्याला हे फार आवडलं, आणि तिनं ते कबूल केलं. माझं मत थोडं वेगळं आहे. लादान भाषा म्हणून चालली नाही, पण लादानचा कोश हे वाचण्यासारखं पुस्तक आहे. ‘रादीदिन’ हा शब्द घ्या. सुरुवातीचा ‘रा’ म्हणजे नकार. नावाला सण, पण तयारी आणि राबणं इतकं की तो जवळ आला की धास्तीच वाटते, त्यातून पाहुणे भरमसाट आणि एकजण ताट उचलायला उठत नाही. हा शब्द उच्चारून कुणाचं काम भागलेलं मी ऐकलेलं नाही, पण व्याख्या वाचल्यावर ‘हो!’ म्हटलेलं ऐकलं आहे. म्हणजे एल्गिननं शब्द केले असं वाटतं खरं. तिनं केल्या त्या व्याख्या. शब्द हे त्या व्याख्यांना लावलेलं शीर्षक होतं. कादंबरीकार बाई, तिला बारीकसारीक निरीक्षणं लिहायची होती, आणि भाषावैज्ञानिक असल्यामुळे तिनं ती कोशाच्या रूपात लिहिली. हे मी बोलून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, तू तिला भाषेतून काढून वाङ्मयात टाकतेस. बहुतेक हो.

आई: मला एक सांगायचं होतं मघापासून. ती व्याख्या चांगली आहे म्हणाले, पण ती माझी नाही.

आत्या: म्हणजे?

आई: तुमची ती बाई स्वतःचे लाड म्हणून खाते. मीही जास्त खाल्लं वन्सं, वर्षानुवर्षं. पण लाड म्हणून नाही. सगळ्यांची जेवणं झाली, माझंही झालं. पातेल्यात दोन चमचे भाजी उरते, अर्धी पोळी उरते, पोरांच्या ताटात भात. फ्रिजमध्ये ठेवण्याइतकं नाही, आणि टाकवत नाही. मग उभ्या उभ्या ओट्याशी खाऊन टाकायचं. भूक नसते, चवही कळत नाही. याला तुमच्या कोशात काय आहे?

आत्यानं कोशात पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं. वही ओढली.

आत्या: मग आपण लिहू. सांग. ‘सगळ्यांची जेवणं झाल्यावर, स्वतःचं पोट भरलेलं असताना…’

आई: ‘उभ्यानं’ लिहा. बसून खाल्लं तर ते जेवण झालं.

आत्या: ‘…टाकायला जीव होत नाही म्हणून, पातेल्यातलं उरलेलं उभ्यानं संपवणं, आणि मग…’

आई: आणि मग काही नाही.

आत्या: अपराधी नाही वाटत?

आई: पातेलं घासायला टाकता येतं याचं बरं वाटतं. वजनावरून डॉक्टर बोलले तर वाटतं थोडं, ते तिथल्या तिथे. रिक्षात बसेपर्यंत गेलेलं असतं.

आत्या: मग हे दोरोलेदिम नव्हे. त्यात अपराधीपण पाहिजेच.

आई: तेच म्हणतेय मी! तुमच्या बाईंनी अपराध शब्दातच शिवून टाकला. उद्या एखादी ही व्याख्या वाचेल, लाडू खाईल, आणि म्हणेल, अरेच्चा, मला अपराधी वाटायला हवं होतं. राहूनच गेलं.

आत्या: पण वहिनी, तो शब्द नसता तर तू हे बोलली असतीस? आजवर कधी बोललीस? त्या शब्दाला ‘हे माझं नाही’ म्हणायला गेलीस म्हणून तुझं काय आहे ते बाहेर आलं.

आई: तो शब्द नसता तर तुम्ही विचारलंच नसतंत. तुम्ही विचारलंत म्हणून बाहेर आलं.

इथे माझं माप आईकडे झुकलं, जरी दुपारभर मी आत्याच्या बाजूनं होते. आत्यानं ‘आणि मग’वर रेघ मारली. ‘उभ्यानं’ राहिलं. मग तिनं शब्द सुचवायला सुरुवात केली. एकामागून एक संस्कृत जोड काढले आणि आईनं ते एकामागून एक नापास केले. ‘शेषभक्षण’ श्राद्धाच्या विधीसारखं वाटतं म्हणून, ‘उरभोग’ काढ्याच्या बाटलीवर शोभेल म्हणून. शेवटी आत्या म्हणाली, मग तूच दे. आई म्हणाली, मला कशाला पाहिजे शब्द, मी पातेलं लहान घेतलंय आता.